असिसीतले चार दिवस: बिशपच्या तळघरापासून मोंतोनेच्या सूर्यघटिकेपर्यंत

असिसीत उतरायचं आणि पहिल्या दिवशी संत फ्रान्सिसची बॅसिलिका पाहायची नाही, हे तिथल्या टॅक्सीवाल्यालाही पटत नाही. 'सान फ्रान्चेस्को?' असं त्याने दोनदा विचारलं. 'नाही, पियाझ्झा देल व्हेस्कोव्हादो' म्हटल्यावर आरशातून एकदा नीट निरखून पाहिलं आणि मग गाडी सुरू केली.

हा प्रवास आखला होता तो १९४३-४४ च्या असिसीसाठी. जर्मन सैन्य आणि इटालियन फॅसिस्ट पोलीस ज्यूंना शोधत होते, त्या नऊ-दहा महिन्यांत या डोंगरावरच्या गावात सुमारे ३०० ज्यू लपून राहिले आणि वाचले. युद्धाआधीच्या काळात गावात ज्यूंची वस्तीच नव्हती. नंतरच्या एका कादंबरीवजा पुस्तकाने आणि त्यावरच्या चित्रपटाने सगळं नाट्य एकाच फादरभोवती गुंफलं, त्यामुळे बाहेरचे लोक एकच नाव घेऊन येतात: फादर रुफिनो निक्काच्ची. गावात फिरल्यावर लक्षात येतं की काम बऱ्याच हातांनी केलं. कुणी खोली दिली, कुणी भिंत बांधली, कुणी शिक्का मारला, कुणी दार उघडायला मुद्दाम उशीर लावला. या जागा एकमेकींपासून पाच-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत आणि पायी फिरतानाच त्यांचा एकमेकींशी मेळ लागतो.

दिवस पहिला, ३१ ऑक्टोबर: रोम ते बिशपचा वाडा

रोमा तेर्मिनीहून प्रादेशिक गाडीने सव्वादोन ते अडीच तास. काही गाड्या थेट जातात, काहींना फोलिन्योला बदलावं लागतं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्या. शिक्क्याविना तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर तिकीट तपासनिसाने हजारदा ऐकलेलं असतं.

स्टेशन खाली सपाटीवर सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे आणि असिसी गाव चार-पाच किलोमीटर वर, सुबासिओ डोंगराच्या कुशीत. वर जायला 'सी' क्रमांकाची बस आहे, तिकीट स्टेशनातल्या दुकानातच काढून ठेवावं. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर, म्हणजे सर्व संतांचा सण. त्या दिवशी बस सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात. थांब्यावरच्या तक्त्यात 'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस आणि 'फेस्तिव्हो' म्हणजे सुट्टीचे. हा फरक न पाहिल्यामुळे थांब्यावर तास-तास बसलेली माणसं त्या दोन दिवसांत बरीच दिसली.

पियाझ्झा देल व्हेस्कोव्हादो हा छोटा, शांत चौक. एका बाजूला सांता मारिया माज्जोरे हे जुनं चर्च आणि त्याला चिकटून बिशपचा वाडा. तरुण फ्रान्सिसने वडिलांसमोर अंगावरचे कपडे उतरवून परत केले, ती जागा हीच मानतात. भाविक त्यासाठी येतात. त्याच आवारात १९४३ मध्ये बिशप होते जुझेप्पे प्लाचिदो निकोलिनी. बेनेडिक्टाइन संन्यासी, १९२८ पासून असिसीचे बिशप, तेव्हा वय ६६.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला आणि जर्मनांनी उत्तर व मध्य इटली ताब्यात घेतली. त्याच महिन्यात धर्मगुरूंच्या मासिक बैठकीनंतर निकोलिनींनी डॉन आल्दो ब्रुनाच्ची या २९ वर्षांच्या कॅननला, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूला, बाजूला घेतलं आणि पळून येणाऱ्यांची, त्यातही ज्यूंची, सोय पाहायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. तेव्हा बिशपच्या हातात व्हॅटिकनहून आलेलं पत्र होतं असं ब्रुनाच्ची पुढे सांगत. ते पत्र आजवर सापडलेलं नाही आणि इतिहासकारांत त्यावरून वाद आहे. काम झालं याबद्दल मात्र वाद नाही.

एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. बाँबहल्ल्यांमुळे शहरं सोडून आलेल्या इटालियन कुटुंबांनी असिसी आधीच भरून गेलं होतं. गावात रोज नवे चेहरे दिसत, कुणाला त्याचं काही वाटत नसे. बिशपची समिती उघडपणे या निर्वासितांना मदत करत होती आणि त्याच रांगेत ज्यू कुटुंबंही उभी राहत. वाडा इतका भरला की आता माझी झोपायची खोली आणि कचेरी एवढंच उरलंय, मी कचेरीत झोपेन, असं निकोलिनी म्हणाल्याची आठवण ब्रुनाच्चींनी सांगून ठेवली आहे.

या वाड्याचं तळघर हे सगळ्या कहाणीतलं सर्वांत बोलकं ठिकाण. लपलेल्या लोकांचे खरे कागद, दागिने, धर्मग्रंथ जाळणं शक्य नव्हतं आणि जवळ ठेवणं धोक्याचं होतं. ते सगळं तळघरात एका कोनाड्यात ठेवून पुढे भिंत घालायची, असं ठरलं. गवंडी बोलावला तर गोष्ट पाचामुखी होणार. म्हणून बिशपनी स्वतः थापी हातात घेतली आणि विटा रचल्या. ब्रुनाच्ची मेणबत्ती धरून उभे राहिले. पुन्हा काही आत ठेवायचं झालं की भिंत फोडायची आणि परत बांधायची. जागा दोघांनाच ठाऊक.

संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. बाहेरची फिरती दुपारपर्यंत उरका. जेवणाला स्त्रांगोत्सी, म्हणजे अंड्याशिवायचे जाडसर हातशेवयांसारखे पास्ते, वर काळ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीचा, कीस. ट्रफलचा वास आधी ओल्या मातीसारखा येतो आणि दोन घासांनंतर आवडू लागतो. सोबतच्या ब्रेडला मात्र मिठाचा कणही नसतो. इथली रीतच तशी. पेरुजाचे लोक १५४० च्या पोपच्या मिठावरच्या कराचं नाव घेतात. खरं-खोटं राहू दे, पण नोव्हेंबरच्या तोंडावर आलेलं ताजं, हिरवं, घशात चरचरणारं ऑलिव्ह तेल त्या अळणी ब्रेडवर ओतलं की मिठाची आठवण येत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक सावधगिरी. कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर मेनूवर दिसली की आपण खूश होतो, पण फोडणीत बऱ्याचदा डुकराच्या गालाची चरबी असते. 'सेंझा ग्वान्चाले, सेंझा पान्चेत्ता' हे चार शब्द पाठ करून जा.

दिवस दुसरा, १ नोव्हेंबर: छापखाना

१९४३-४४ ची आठवण जपणारं संग्रहालय, 'म्युझेओ देल्ला मेमोरिया', आता बिशपच्या वाड्यातच आहे. वेळा ऋतूनुसार बदलतात आणि दुपारी बंद असतं, म्हणून आदल्या संध्याकाळी दारावरची वेळ वाचून ठेवावी. फलक बहुतांश इटालियनमध्ये आहेत. फोनवरचं भाषांतराचं साधन आधीच उतरवून घ्या, जाड भिंतींत नेटवर्क मिळत नाही. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी गर्दी नाही म्हणून सोबत येऊन एका यंत्रापुढे उभं केलं आणि पायाने हवेत पायडल मारून दाखवलं.

ते यंत्र म्हणजे पायाने चालवायचं छोटं छपाई यंत्र. आपल्याकडे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं छापणाऱ्या ट्रेडल मशीनच्या जातीतलं. लुइजी ब्रिझी आणि त्यांचा मुलगा त्रेंतो यांनी यावर खोटी ओळखपत्रं छापली. पेशाने ते छपाईवाले आणि भाविकांना विकायच्या वस्तूंचे दुकानदार. दुकान सांता क्यारा चौकात, म्हणजे संग्रहालयातून बाहेर पडून चढावर पाच-सहा मिनिटं.

खोटं ओळखपत्र करायचं म्हणजे काय, हे इथे नीट कळतं. त्या काळचं इटालियन ओळखपत्र नगरपालिका देई. त्यावर फोटो, नाव, जन्मगाव, धंदा आणि नगरपालिकेचा शिक्का. कोरा कागद छापणं छपाईवाल्याला अवघड नव्हतं. खरी मेख गावाच्या निवडीत होती. कार्ड पेरुजाचं किंवा फ्लॉरेन्सचं असतं तर संशय आलेल्या पोलिसाने एका फोनवर तिथलं दप्तर तपासलं असतं. म्हणून कार्डं दक्षिणेकडच्या गावांची केली: लेच्चे, फोज्जा, कासेर्ता. ही गावं तोवर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेली होती. मध्ये युद्धाची आघाडी, फोन बंद, टपाल बंद, तपासणार कुणाला? शिवाय दक्षिणेतून पळून आलेलं निर्वासित कुटुंब ही कहाणीही सहज पटण्याजोगी. मग त्या त्या नगरपालिकेचा शिक्का हुबेहूब तयार करायचा आणि फोटोवर अर्धा, कागदावर अर्धा असा उमटवायचा.

यात फसायला जागा होत्याच. लेच्चेचा म्हणवणारा माणूस त्रिएस्तेच्या हेलात बोलला तर? व्हिएन्नाहून आलेल्याला तर इटालियनही धड येत नसे. म्हणून आपल्या 'गावाची' माहिती घोकावी लागे: मुख्य चौक कुठला, पालक संत कोण, चर्च कुठलं. लहान मुलांना नवं आडनाव पाठ करवणं सर्वांत कठीण. पादुआ विद्यापीठातून ज्यूंविरुद्धच्या वांशिक कायद्यांमुळे काढून टाकलेले प्राध्यापक एमिलिओ वितेर्बी आणि त्यांचं कुटुंब इथे लेच्चेचे 'वारेल्ली' झाले. पहिलं अक्षर तेच राहिलं. नव्या नावाने सही करताना हात निदान सुरुवातीला तरी अडखळत नसणार.

असे कागद जवळ असल्यावर सगळ्यांनाच मठात दडून बसायची गरज उरली नाही. काही कुटुंबं भाड्याच्या खोलीत, काही हॉटेलात राहिली, रेशन घेऊन रस्त्याने हिंडली. कागद चांगला असेल तर माणूस उजेडात लपू शकतो.

याच संग्रहालयात सायकलपटू जिनो बार्ताली यांच्या घरातलं छोटं प्रार्थनास्थळ आणून मांडलं आहे. बार्ताली म्हणजे १९३८ आणि पुन्हा १९४८ ची 'तूर द फ्रान्स' जिंकलेले. फ्लॉरेन्सहून असिसीला, एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सरावाच्या नावाखाली सायकल मारत ते यायचे आणि फोटो व कागद सायकलच्या नळीत दडवून न्यायचे, असं सांगितलं जातं. ज्यू संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या 'याद वाशेम' संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा गौरव केला. अलीकडे काही इटालियन इतिहासकारांनी या फेऱ्यांच्या पुराव्यांवर प्रश्न उभे केले आहेत. संग्रहालयात हा वाद दिसणार नाही. बार्तालींच्या काचेपुढे नेहमी गर्दी आणि ब्रिझींच्या यंत्रापुढे कुणीच नाही, हे चित्र उलटं हवं होतं.

दुपारी पोटपूजेला तोर्ता अल तेस्तो. 'तोर्ता' म्हटल्यावर केक समजू नका. ही जाड, गोल, बिनयीस्टची भाकरी, 'तेस्तो' नावाच्या जड तव्यावर भाजलेली. मध्ये चिरून आत परतलेली पालेभाजी आणि चीज. दुकानातल्या आजी तवा तापला की नाही हे पाहायला त्यावर चिमूटभर पीठ टाकत होत्या. पीठ लगेच काळं पडलं तर तवा जास्त तापला, हळूहळू तांबूस झालं तर भाकरी टाकायची. चुलीपुढे वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

सांता क्याराहून वर सान रुफिनो कॅथेड्रल. फ्रान्सिस आणि क्लारा यांचा बाप्तिस्मा जिथे झाला ते कुंड इथे आहे. नावांचा घोळ टाळा: फादर रुफिनो निक्काच्ची सान दामियानो मठाचे, सान रुफिनोचे कॅनन होते ब्रुनाच्ची.

३० नोव्हेंबर १९४३ च्या पोलीस हुकमाने ज्यूंना पकडणं हे इटालियन पोलिसांचंही काम झालं, म्हणजे धोका आता गावातल्याच माणसांकडून होता. १५ मे १९४४ ला ब्रुनाच्चींच्या दारात पोलीस आले तेही इटालियन. घरात लपलेली माणसं होती. ब्रुनाच्चींनी पोलिसांना आत येऊ दिलं नाही, दार मागे ओढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर निघून गेले. घराची झडती झाली नाही. त्यांना पेरुजाला नेलं. पुढे चर्चच्या मध्यस्थीने ते सुटले. तीन आठवड्यांच्या आत, ४ जूनला, रोम मुक्त झालं होतं.

कॅथेड्रलसमोरच्या चौकात उभं राहून खाली नजर टाकली की ब्रिझींच्या दुकानाकडची गल्ली दिसते. मध्ये काही मिनिटांचा उतार. इतक्या जवळजवळ ही कामं चालली आणि तरी बहुतेकांना आपल्यापुरतंच माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी हा खेळ गावभर नऊ महिने.

दिवस तिसरा, २ नोव्हेंबर: मठ आणि कबरस्तान

सकाळी खिडकी उघडली तर खालचं खोरं नाहीसं झालेलं. सपाटीवर दाट धुकं आणि त्यावर तरंगणारं असिसी. नोव्हेंबरात हे वरचेवर घडतं. फोटोसाठी साडेसात ते नऊ ही वेळ, दहानंतर धुकं विरतं. थंडी फार नाही पण ओलसर, हाडात शिरणारी. सुबासिओच्या गुलाबी-पांढऱ्या दगडाच्या फरशा दवाने निसरड्या होतात, तेव्हा गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

पोर्ता नुओव्हा वेशीतून बाहेर पडून ऑलिव्हच्या बागांमधून उतरलं की पंधरा मिनिटांत सान दामियानो. परत चढायला पंचवीस धरा. प्रवेश फुकट, दुपारी दोनेक तास बंद. झाडांखाली जाळ्या पसरून काही माणसं लांब दांड्यांच्या कंगव्यांनी ऑलिव्ह ओढत होती. जाळीवर फळं पडल्याचा बारीक आवाज धुक्यात दूरवर येत होता.

सान दामियानो हा फ्रान्सिस्कन फादरांचा मठ आणि निक्काच्ची त्याचे गार्डियन, म्हणजे प्रमुख. तेव्हा वय ३२. आलेल्यांना कुठल्या मठात ठेवायचं, कुणाला पुढे हलवायचं, कागद कुणापर्यंत पोचवायचे ही धावपळ त्यांनी केली. गावाबाहेर असल्याने इथे ये-जा कमी डोळ्यांत येई, पण वेशीतून आत-बाहेर करणाऱ्या माणसाला कारण लागतं. धर्मगुरूच्या झग्याला ते आयतं होतं. 'याद वाशेम'ने त्यांना १९७४ मध्ये गौरवलं, निकोलिनी आणि ब्रुनाच्चींना १९७७ मध्ये, ब्रिझी बापलेकांना १९९७ मध्ये. या क्रमामुळेही निक्काच्चींचं नाव आधी जगभर गेलं. पुस्तकातलं नाट्य ब्रुनाच्चींना पटलं नव्हतं. तरी त्यामुळे सान दामियानो यादीतून वगळायचं कारण नाही.

परत वर येऊन सान क्विरिको. हा संत क्लाराच्या पंथातल्या सिस्टरांचा मठ आणि इथला नियम कडक एकांतवासाचा. आत राहणाऱ्या सिस्टर बाहेर येत नाहीत, बाहेरचा माणूस आत जात नाही, बोलणं जाळीआडून, वस्तूंची देवघेव भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटातून. पाहुण्यांसाठीची इमारत वेगळी. निर्वासित आधी त्या पाहुणघरात उतरत. झडतीची कुणकुण लागली की त्यांना खुद्द एकांतवासाच्या भागात घ्यावं लागे. तिथे परक्या पुरुषाने पाऊल टाकणं म्हणजे शतकांचा नियम मोडणं आणि त्याला बिशपची परवानगी लागते. निकोलिनींनी ती दिली. या मठाच्या प्रमुख मदर जुझेप्पिना बिविल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये पोलिसांनी इथेच धाड घातली.

एकांतवासाचा खरा उपयोग वेळ काढण्यासाठी होता. दारावर घंटा वाजली की सिस्टर विचारणार कोण, मग मदरना निरोप, मग बिशपची लेखी परवानगी आहे का ही चौकशी. नियमाप्रमाणेच सगळं, कुणी बोट ठेवू शकत नाही. तेवढ्यात आतली माणसं हललेली असत.

९ ऑक्टोबर १९४३ ला योम किप्पूर, ज्यूंचा कडकडीत उपासाचा दिवस. त्या संध्याकाळी उपास सोडायला सिस्टरांनी जेवण रांधल्याची आठवण वाचलेल्यांनी सांगितली आहे. कुणाला धर्म बदलायला लावलं नाही, हे असिसीच्या बाबतीत आवर्जून नोंदवलं जातं.

मठाच्या पाहुणघरात आजही राहता येतं. खोल्या साध्या, स्वच्छ, हॉटेलपेक्षा स्वस्त. रात्री दहा-साडेदहाला दार बंद होतं आणि ते खरंच बंद होतं. आरक्षण ईमेलने, उत्तराला दोन-तीन दिवस लागतात. पैसे रोख तयार ठेवा, गावाचा मुक्काम-कर वेगळा.

दुपारी पोर्ता सान जाकोमोतून बाहेर पडून सुरूच्या झाडांच्या रांगेतून गावाच्या कबरस्तानात. २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस, आपल्या सर्वपित्रीसारखा. सगळं गाव लोटलेलं, प्रत्येकाच्या हातात शेवंती. इथे शेवंती फक्त मृतांसाठी. कुणाच्या घरी जाताना चुकूनही नेऊ नका. एक वृद्ध गृहस्थ शेजारच्या कबरीवरची कोमेजलेली फुलंही काढून साफ करत होते. 'त्यांचं कुणी राहिलं नाही,' एवढंच म्हणाले.

व्हिएन्नाची एक ज्यू बाई लपलेली असताना आजारपणाने असिसीत वारली. तिचं आडनाव वाइस, जर्मनमध्ये त्याचा अर्थ पांढरा. कागदावर ती होती बियांकी, इटालियनमध्ये पांढरे. खोट्या नावाचं माणूस खऱ्या नावाने पुरता येत नाही. त्यामुळे ख्रिस्ती अंत्यविधी झाला, दगडावर बियांकी कोरलं गेलं आणि युद्ध संपल्यावर तिचं नाव तिला परत मिळालं.

आणि कर्नल व्हालेंटिन म्युलर. असिसीचा जर्मन कमांडंट, पेशाने डॉक्टर, बव्हेरियाचा कॅथलिक. असिसी हे इस्पितळांचं गाव राहावं यासाठी त्याने खटपट केली, लढाऊ तुकड्या दूर ठेवल्या आणि जर्मन माघारीच्या वेळी औषधांचा साठा गावाला देऊन गेला. गावात जखमी जर्मन सैनिकांनी भरलेली इस्पितळं आणि दोन गल्ल्या सोडून लपलेले ज्यू. त्याला किती ठाऊक होतं यावर आजही खल होतो. १९५० मध्ये तो परत आला तेव्हा गावाने त्याचं स्वागत केलं. १७ जून १९४४ ला ब्रिटिश आठवी सेना असिसीत आली, तोवर लपलेल्यांपैकी कुणीही पकडून छळछावणीत नेलं गेलं नव्हतं.

थंडीने गारठून परत आलात तर बेकरीत रोच्चाता मागा. पातळ पोळीत सफरचंद, अक्रोड, मनुका गुंडाळून गोल वळवलेली, वरून लाल मद्यार्क शिंपडलेली. या आठवड्यात हमखास मिळते.

दिवस चौथा, ३ नोव्हेंबर: दगडी रांगा आणि माणगावचा नाईक

मराठी वाचकाने असिसीला येऊन हा चौथा दिवस चुकवू नये. त्यासाठी गाडी भाड्याने घ्या. सार्वजनिक वाहनाने पेरुजा, उंबेर्तिदे अशा बदल्या करत पूर्ण दिवस जातो. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा लागतो. जुन्या गावांच्या वेशीवर 'झेड टी एल'चा फलक असतो. त्यापलीकडे बिनपरवाना गाडी गेली की कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर येते. असिसीत गाडी मोयानोच्या वाहनतळावर ठेवा, तिथून सरकत्या जिन्याने वर येता येतं.

आधी खाली सपाटीवर, रिव्होतोर्तोजवळचं असिसी युद्धस्मशान. ९४५ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी, एकसारखे पांढरे दगड, कापलेलं गवत, कुंपणापलीकडे नांगरलेलं शेत. लपलेल्यांच्या सुटकेची किंमत इथे मोजता येते. धुक्यात तिसऱ्या रांगेपुढचं दिसत नव्हतं.

तिथून महामार्गाने उत्तरेकडे तासाभरात मोंतोने. असिसी मुक्त झाल्यावर २३ दिवसांनी, १० जुलै १९४४ ला, वरच्या तिबेर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे लढत होते. वय २२, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, बाँब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. इटलीच्या मोहिमेत दिले गेलेले असे २० क्रॉस, त्यातले ६ भारतीयांना. त्यांची कबर नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलं आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावात त्यांचा पुतळा आपण पाहिलेला असतो. ज्या मातीत ते पडले ती इथली, हे कळायला मात्र इतकं लांब यावं लागतं.

मोंतोनेत जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघटिका बसवली. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे, सगळे एकाच सूर्याखाली. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांवर भारतीय होते आणि ५,७८२ परतले नाहीत, हे आकडे त्या निमित्ताने भारत सरकारने दिले.

गाडी वेशीबाहेर लावून गावात चढत जा. चढ खडा आहे पण पाच-सात मिनिटांचा. धुकं असेल तर घाई करू नका. मोंतोने टेकडीवर असल्यामुळे बऱ्याचदा खालचं खोरं झाकलेलं आणि वर लख्ख ऊन असतं. त्या दिवशी तसंच होतं. तबकडीवर सावली स्पष्ट पडली होती आणि खाली तिबेर कुठे वाहते आहे ते दिसत नव्हतं. शेजारून भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या बाईंनी थांबून विचारलं, 'इंदियानी?' हो म्हटल्यावर त्यांनी 'याश्वांत' असं नाव उच्चारून दाखवलं आणि बरोबर आहे का, ते पुन्हा विचारलं.

गावातली खानावळ साडेबारापासून अडीचपर्यंतच उघडी असते. भाड्याची गाडी पेरुजात परत करायची असेल तर टाकी उंबेर्तिदेतच भरा. दुपारच्या सुट्टीत पंपावर माणूस नसतो आणि स्वयंचलित यंत्र आपली बरीच कार्डं नाकारतं, म्हणून वीस युरोच्या दोन नोटा वेगळ्या काढून ठेवा.